लंगडीच्या पिंजऱ्यावरची बाटली

मित्रांनो, माझ्या कळकट रंगाला नाकं मुरडू नका. मी एका प्रयोगशाळेतली जुनी तपकिरी बाटली. भट्टीतून निघाले तीच या रंगाची, कारण आतल्या औषधाला उजेड लागू न देणं हेच माझं काम.

माझ्या पाण्यात मेलाटोनिन असायचं. अंधार पडला की आपलं शरीर ते स्वतःच बनवतं आणि मग झोप येते. पण त्याने सांध्यांची सूजही उतरेल का, हे आमच्या संशोधक बाईंना शोधायचं होतं. उतरली, तर उद्या आजारी माणसांसाठीही काही करता येईल, ही त्यांची आशा. म्हणून सांधे सुजलेल्या पांढऱ्या उंदरांना प्यायला त्यांच्या पिंजऱ्यांवर माझ्यासारख्या बाटल्या उलट्या टांगत. माझ्या पिंजऱ्यात होती लंगडी. माझ्यापर्यंत यायलाही तिला कोण यातायात! हळूहळू तिची सूज ओसरली आणि एके दिवशी ही बया चक्क जाळीवर चढली!

"अगं, चढलीस की गं!" बाई ओरडल्याच. मीही जरा फुशारले.

मग बाई बाहेरगावी गेल्या आणि इकडे पाहुणे येणार असल्याचं कळलं. विभागाचे साहेब म्हणाले, "ही काय कळकट बाटल्यांची रांग? शोभा होईल आपली! चकचकीत बाटल्या लावा."

मला कपाटावर टाकलं. औषध पारदर्शक बाटल्यांत, तेही खिडकीशी! अहो, भर उजेडात ते टिकेल कसं? मी हादरलेच. पण मला कुठला आवाज?

पाहुणे आले, गेले. बाटल्या तशाच राहिल्या. लंगडी पुन्हा पाय ओढू लागली. एका सकाळी साहेबांनी निकाल देऊन टाकला, "औषधात काही दम नाही. पिंजरे रिकामे करा."

त्याच दुपारी बाई परतल्या. नवी बाटली हातात घेताच त्यांनी साहेबांना बोलावून घेतलं.

"साहेब, बाटल्या कुणी बदलल्या?"

"मीच. छान दिसतात ना?"

"अहो, उजेडाने औषध नासलं! सूज उतरत होती हो! माझे उंदीर कुठे आहेत?"

साहेबांनी रिकाम्या पिंजऱ्यांकडे पाहिलं. "सकाळीच मारले सगळे... मला वाटलं, उगाच त्यांचे हाल कशाला."

बाईंनी लंगडीचा पिंजरा उघडून पाहिला.

आता नवे उंदीर आलेत. प्रयोग पहिल्यापासून सुरू आहे आणि मला पुन्हा टांगलंय. मित्रांनो, एखादी वस्तू डोळ्यांना खुपली, तर जरूर हलवा. पण ती तिथे का आहे, हे आधी कुणाला तरी विचारा. लंगडी माझ्या भरवशावर होती.