बोयांची सरळ रांग

माझे भावजी सागरी पर्यटन खात्याचे संचालक. पाण्यात घोट्याच्या वर कधी उतरले नाहीत, पण ‘शाश्वत’ हा शब्द असा उच्चारतात, जणू त्याचं बारसं त्यांनीच केलंय. माझी ताई त्यांची बायको. तिच्या लेखी ते म्हणतील ती पूर्व. मी काचेच्या तळाची बोट चालवते. खाली पोवळ्यांची बाग आहे, लोक तेवढ्यासाठीच येतात. ती गेली की मी बसले हात चोळत.

त्या बागेत नांगर पडू नयेत म्हणून खात्याने बोये बसवले. तळाला काँक्रीटचे ठोकळे, वर तरंगणारे नारिंगी बोये. बोटी त्यांनाच बांधायच्या. कल्पना चांगली होती, अर्थात भावजींची नव्हती. पोवळ्यांच्या मधेमधे जिथे मोकळी वाळू सापडली, तिथे ठोकळे ठेवले होते.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी भावजी मंचावर मंत्र्यांच्या खुर्चीत बसून बघायला लागले आणि त्यांचं तोंड वाकडं झालं.

“हे काय, एक इथे, एक तिथे! फोटोत कसं दिसेल? सगळे एका रांगेत आणा.”

“भावजी, रांगेत आणाल तर ठोकळे पोवळ्यांवर येतील.”

“पोवळी काय पळून जातायत का? तू तुझी बोट पुसून ठेव.”

क्रेनच्या होडीने दुपारभर ठोकळे तळावरून फरफटवले. मी धक्क्यावरून तोंडाला येईल ते बोलले. भावजी हात हलवत “अजून थोडं डावीकडे!” ओरडत होते. शाळेत कवायत घ्यायला शोभला असता हा माणूस. समुद्र कुणी दिला याच्या ताब्यात?

दुसऱ्या दिवशी भाषणं झाली, टाळ्या झाल्या, मग मंत्री, भावजी आणि नटलेली ताई माझ्या बोटीत बसले. काचेखाली मोडक्या फांद्यांचा पांढराफटक ढीग. मासा औषधालाही नाही.

“हे पांढरं काय?” मंत्र्यांनी विचारलं.

“वाळू, साहेब. नैसर्गिक.” भावजींची पापणीसुद्धा लवली नाही.

“काल मारलेली पोवळी आहेत ती,” मी म्हणाले.

मंत्री खो खो हसले. “बाई विनोदी आहेत! रांग मात्र झकास. अशी आणखी एखादी जागा आहे का? तिथेही करू.”

जागा होती. पलीकडे पाण्यातून वर आलेल्या खडकाच्या सुळक्यामागे, बाबांनी आम्हा दोघींना पोहायला शिकवलं तिथे, याहून दाट. खात्यात कुणाला तिचा पत्ता नव्हता. पण भावजींच्या कपाळाला आठी पडली आणि ते ताईकडे वळले.

“अगं, लहानपणी तुम्ही दोघी पोवळी बघायला कुठेतरी जायचात ना? तू सांगायचीस मला.”

ताई नवऱ्यापासून काही लपवत नाही, याचा मला कायम राग होता. तिने काचेतून खालच्या पांढऱ्या ढिगाकडे बघितलं.

“हीच ती जागा,” ती म्हणाली.

“मग झालं तर!” भावजी खुशीत मंत्र्यांना म्हणाले. “म्हणजे काम पूर्ण झालंय, साहेब.”

ताई त्यांच्या शेजारून उठली आणि इंजिनापाशी, मला खेटून येऊन बसली.

“चल इथून,” ती म्हणाली. मी सुळक्याकडे पाठ करून बोट वळवली.