गार्डलाही फोम

थोरल्याने नवी मोटारसायकल दारात आणून उभी केली आणि पूजा-बिजा सोडून आधी तिच्यावर ब्लँकेट टाकलं. त्याचा धंदाच तो. लोकांची घरं हलवायची, म्हणजे कपाटं, फ्रिज, आरसे गुंडाळायचे आणि जिन्यावरून सुखरूप उतरवायचे. बावीस वर्षांत परक्याच्या सामानावर ओरखडा येऊ दिला नाही, तर स्वतःच्या गाडीवर येऊ देईल होय!

गाडी मात्र भलतीच जड आणि थोरला उंचीने बेताचा. सीटवर बसला की पायांचे नुसते चवडे जमिनीला लागायचे. पळताना सगळं झकास, पण थांबायची वेळ आली की तोल सांभाळताना त्याची तारांबळ उडायची. "एवढी घाबरत घाबरत चालवायची होती तर सायकल काय वाईट होती?" बायकोने विचारलं.

मेकॅनिककडे जाऊन त्याने पुढे दोन्ही बाजूंना जाड नळीचा गार्ड बसवून घेतला. मेकॅनिक स्पष्टवक्ता होता. "दादा, वेगात पडणारे थोडे. गाड्या आडव्या होतात त्या वळवताना, पार्क करताना, उभ्या उभ्या. कलली आणि आवरेना, की सरळ सोडून द्यायची आणि बाजूला व्हायचं. टाकी, आरसा, लिव्हर, सगळं वाचतं. मार गार्ड खातो, त्यासाठीच तर तो असतो."

थोरल्याने मान डोलावली. घरी आला आणि गार्डवर ओरखडे पडू नयेत म्हणून गार्डलाच फोम गुंडाळत बसला. वर काळी चिकटपट्टी, तीही एकही सुरकुती न पडू देता. धाकटा भाऊ शेजारी उभा राहून पोट धरून हसत होता. "दादा, आता फोमला काय गुंडाळणार?"

"तुला काय कळतंय," थोरला म्हणाला. पण हसला तोही.

या धाकट्यावर त्याचा जीव होता, आणि धंदाही त्याच्याच जिवावर चालला होता. जिन्यावर कपाट उतरवताना थोरला वर, धाकटा खाली. खालच्याच्या डोळ्यांसमोर नुसती कपाटाची पाठ. पायरी किती उरली, वळण कुठे आहे, सगळं वरच्याने बघायचं. म्हणून त्यांचा एकच नियम होता. वरच्याने 'सोड' म्हटल्याशिवाय खालच्याने हात काढायचा नाही, मग आभाळ कोसळो. शिवाय कपाट टेकवताना धाकटा बुटाचं टोक खाली द्यायचा, म्हणजे फरशीला चरा जात नाही. सवयच होती त्याची. बारा वर्षं तो असा दादाच्या शब्दावर वजन पेलत आला होता.

त्या रविवारी सकाळी दोघं नव्या गिऱ्हाइकाचं घर बघायला निघाले. धाकटा मागे बसला होता. गल्ली उताराची होती. घर मागे राहिलं म्हणून थोरल्याने गाडी वळवायला घेतली. हॅण्डल पूर्ण वळलेलं असताना त्याने पुढचा ब्रेक दाबला आणि गाडी डावीकडे कलली. त्याचा पाय खाली गेला, पण तिथे उतार, त्यामुळे जमीन पायाला लागायच्या ऐवजी आणखी खाली गेली. धाकटा टुणकन उतरला, पुढे धावला आणि त्याने गार्ड खालून धरला. नेहमीसारखं बुटाचं टोक गार्डखाली दिलं.

गाडी अर्धी आडवी होऊन थांबली.

"दादा?" धाकट्याने विचारलं.

खाली खडीचा रस्ता होता. थोरल्याला मेकॅनिकचं बोलणं आठवलं, अगदी शब्दन् शब्द. एक शब्द उच्चारायचा होता. तेवढा वेळ नक्की होता. त्याने खडीकडे बघितलं, नव्या चिकटपट्टीकडे बघितलं आणि दात आवळून म्हणाला, "धर, धर, उचलू."

उचलली गेली नाही. हात सटकले आणि सगळं वजन धाकट्याच्या पावलावर आलं.

दोन हाडं मोडली. डॉक्टरांनी गुडघ्यापर्यंत प्लास्टर घातलं. पुढे जिने चढता येतील का, असं थोरल्याने विचारलं तेव्हा ते म्हणाले, "चढतील. ओझं घेऊन चढतील की नाही, ते नंतर बघू." गाडीला म्हणाल तर काहीसुद्धा झालं नव्हतं.

दुपारी तो धाकट्याच्या खाटेपाशी बसला होता. उगाच उशी सारखी करत होता.

"माझंच चुकलं," धाकटा म्हणाला. "गाडीचा आवाज, त्यात डोक्यावर हेल्मेट. तू 'सोड' म्हणाला असशील. मला 'धर' ऐकू आलं."

बाहेरच्या खोलीत बायको भांडी लावत होती. नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी विषय मिटला असता, इतकं सोपं होतं ते. थोरल्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"मी 'धर'च म्हणालो," तो म्हणाला.

"वजन आवरेल असं वाटलं तुला?"

"नाही. आवरणार नाही हे कळत होतं. गार्ड खराब होईल म्हणून म्हणालो."

धाकट्याने प्लास्टरचा पाय दोन्ही हातांनी उचलून सरळ ठेवला. ओरडला असता, शिव्या घातल्या असत्या, तर थोरल्याला बरं वाटलं असतं. पण तो कामाचं बोलावं तसं बोलला.

"पाय बरा झाला तर मी येईन कामावर. पण जिन्यात वर मी राहणार."

"राहा," थोरला म्हणाला.

"आणि तू खाली."

"हो."

"मग झालं तर," धाकटा म्हणाला आणि डोळे मिटून पडून राहिला. थोरला उठला नाही. जा म्हणेपर्यंत बसायचं, असं त्याने ठरवलं होतं, आणि धाकटा काही जा म्हणाला नाही.