कपाचा काठ

स्टॉक फोटो विकणाऱ्या वेबसाईटने धाकटीचा फोटो पुन्हा नाकारला. कारण तेच, हलल्यामुळे अस्पष्ट. टेबलावर कप आणि त्याच्याभोवती बाबांचे हात, एवढाच साधा फोटो. पण नवख्यांचं काम ही मंडळी डोळ्यांत तेल घालून तपासतात.

"माझ्या हातांचं नशीबच फुटकं," बाबा हसून म्हणाले होते. ते शाळेची बस चालवायचे. इतक्या वर्षांत बसला साधा ओरखडा नाही, हे ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचे.

दोष आपलाच, असं धरून धाकटीने कंबर कसली. कॅमेरा स्टँडवर चढवला, बटणाचा धक्का नको म्हणून टायमर लावला, लेन्स पुसली. सकाळी बसवर जाण्याआधी बाबांना टेबलाशी बसवून नवा फोटो काढला आणि लगेच संगणकावर शंभर टक्के मोठा करून पाहिला. पाठवण्याआधी हे करायचंच असतं. तिने मात्र आजवर कंटाळा केला होता.

कपाचा काठ लख्ख होता, त्यावरचा टवकासुद्धा दिसत होता. डाव्या हाताचं नख न नख स्पष्ट होतं. उजव्या हाताला मात्र दुप्पट बोटं होती.

तिने जुने फोटो उघडले. सगळ्यांत तोच हात हललेला. जसजशी ती मागे गेली, तसतसा तो स्पष्ट होत गेला.

शटरचा वेग वाढवला असता तर हात जागच्या जागी थांबलेला दिसला असता. फोटो पास झाला असता, कुणाला पत्ताही लागला नसता. हा विचार मनात आला आणि ती घाबरली. बसच्या वाटेवरचं पुलाआधीचं वळण तिला दिसायला लागलं. बसमध्ये कितीही ओरडा, एक तरी पोर उभंच असतं.

बाहेर किल्ल्या वाजल्या. रोज सकाळी त्या अशाच वाजायच्या. स्वारी खुशीत आहे, असं घरात सगळे समजायचे.

"बाबा, जरा इकडे या."

"उशीर होतोय गं. परत नापास?"

"बघा तरी."

बाबा वाकले. बराच वेळ बघत राहिले.

"कॅमेरा हलला असेल."

"स्टँडवर होता, बाबा. कप बघा. तुमचा डावा हात बघा."

"थंडी आहे आज."

"मला भीती वाटतेय. मुलं असतात हो बसमध्ये."

"इतक्या वर्षांत एक ओरखडा नाही!" बाबा खेकसले आणि किल्ल्यांसकट उजवा हात त्यांनी खिशात घातला. खिशात किल्ल्या वाजतच राहिल्या. दोघंही ते ऐकत होते. धाकटीला त्यांच्याकडे बघवेना.

शेवटी त्यांनी हात बाहेर काढला आणि किल्ल्या कपाशेजारी ठेवल्या. खोलीत एकदम शांत झालं.

"मुलं थांबली असतील. मालकांना सांग, दुसरा ड्रायव्हर पाठवा," ते खुर्चीत बसत म्हणाले. "फोन तूच लाव. हल्ली माझ्याकडून नंबर नीट दाबला जात नाही."