झिपरी कोबी

या कोबीच्या पानाचा मधला देठ बुडाशी अंगठ्याएवढा जाड आणि पांढराशुभ्र असतो. वर जाताना तो बारीक होतो, आणि हिरवा भाग सुरू झाला की त्याला इतक्या शिरा फुटतात की देठ नेमका कुठे संपला ते सांगता येत नाही. अम्मा मात्र सुरी बरोबर तिथेच टेकवते. देठ एका बाजूला, पानं दुसऱ्या बाजूला. देठ आधी कढईत जातात, पानं अगदी शेवटी, कढई उतरवण्याच्या जरा आधी. सगळं एकदम टाकलं तर पानांचा लगदा होतो आणि देठ कच्चेच राहतात.

आमच्या साखर पेठेतल्या परसाशिवाय सोलापुरात ही भाजी दुसरीकडे कुठे पिकत असेल असं मला वाटत नाही. रोजच्या कोबीसारखा हिचा गोल गड्डा होत नाही. पानं उभी, लांबट, एकमेकांना धरून वाढतात आणि टोकाला मोकळीच राहतात. बर्मी लोक हिला मोन्यिन म्हणतात. आम्हीही घरात तेच म्हणतो.

रंगूनमधली दुकानं सरकारजमा झाली त्या वर्षी अम्मा मला घेऊन बोटीने परत आली. मी बारा वर्षांची होते. नान्नांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, तिथे सोलापुरी साड्या आणि चादरींचं दुकान होतं. मागचं सगळं आवरून येतो, असं ते धक्क्यावर म्हणाले. बोटीवर चढताना सरकारी शिपायांनी अम्माच्या बांगड्या काढून घेतल्या. पदराच्या गाठीत मोन्यिनचं बी होतं, त्याला कुणी हात लावला नाही.

ते बी दर वर्षी दिवाळीनंतर परसात पडतं. न्हाणीचं पाणी तिकडे वळवलं आहे. संक्रांतीच्या सुमाराला पानं घट्ट होऊ लागतात, आणि माघातलं ऊन चढलं की पुन्हा सैल पडतात. मधल्या दिवसांत आमच्याकडे दुसरी भाजी शिजत नाही. मुगाच्या डाळीत पानं, शेंगदाण्याच्या कुटात देठ, चिंचेच्या पाण्यात दोन्ही. बाजारात सुकट मिळाली तर तिच्याबरोबर. उरलेली पानं मीठ चोळून भाताच्या पेजेत आंबत ठेवायची आणि भाकरीबरोबर खायची. मीठ लावल्यावर त्या पानांतून किती पाणी सुटतं, याचं मला अजून नवल वाटतं. ते का सुटतं हे मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत पहिल्या वर्षाच्या मुलांना दर जूनमध्ये समजावून सांगते. तरी वाटतंच.

परसदारी भाजी घेऊन येणारी गोजरबाई पाटी खाली ठेवायची ती आधी आमच्या वाफ्याकडे बघूनच.

“कमलम्मा, औंदाबी तुमची कोबी बसलीच न्हाय की!”

“ती अशीच असते.”

“अशी कशी असंल? डोस्क्याला त्याल न्हाय, फनी न्हाय, झिपऱ्या मोकळ्या सोडून हुबी हाय निस्ती. माज्याकडची बगा, कशी अंबाडा घालून बसलीया.”

अम्मा विड्या वळत ओट्यावर बसलेली असायची. कात्रीने पान कापता कापता ती म्हणायची, “तुझी तुझ्यापाशी ठेव. आमच्यात हीच लागते. ह्यांना हीच आवडते.”

गोजरबाई माझ्याकडे बघायची. मी दुसरीकडे बघायची. “येतील की मालक,” असं काहीतरी म्हणून ती पाटी उचलायची. झिपरी कोबी हे नाव तिचंच. पुढे सगळ्या गल्लीत तेच झालं.

ह्यांना हीच आवडते. भाजी चिरताना, फोडणी घालताना, परातीत पानं धुताना अम्मा हे म्हणायची. देठ दाताखाली कुरकुरले पाहिजेत, कारण ह्यांना तसे लागतात. सुकट फार नको, ह्यांना वास सोसत नाही. बारा वर्षं आमच्या चुलीवर एका माणसाच्या जिभेप्रमाणे स्वयंपाक चालला होता, आणि तो माणूस समुद्रापलीकडे होता.

पहिली काही वर्षं त्यांची पत्रं आली. मग दिवाळीलाच येऊ लागली. मग तीही थांबली. चार वर्षांपूर्वी मौलमिनहून परतलेला एक ओळखीचा माणूस घरी आला होता. “नरसय्या ठीक आहेत,” तो म्हणाला. “भाताच्या गिरणीत काम करतात. तब्येत चांगली आहे. तिकडेच संसार...” अम्मा म्हणाली, “चहा निवतोय तुमचा.” त्याने चहा प्यायला आणि पुढचं वाक्य पुरं न करता तो गेला. त्याने काय सांगितलं ते आम्हा दोघींनाही कळलं होतं. त्याबद्दल आम्ही कधी बोललो नाही.

मला बोलायला हवं होतं, कारण मधल्या काळात माझं लग्न येऊन थांबलं होतं.

अंबादास एका मिलच्या रंगखात्यात आहे. त्याचं स्थळ भूमय्यामामाने आणलं. मामा म्हणजे अम्माचा धाकटा भाऊ. पलीकडच्या गल्लीत त्याचे चार माग आहेत. अंबादासची आणि माझी भेट दोनतीनदा झाली, तीही मामाच्या घरी, सगळ्यांसमोर. एकदा त्याने विचारलं, रंगाच्या हौदात आम्ल आहे की नाही हे हौदापाशीच पटकन कसं बघायचं? मी त्याला लिटमस कागदाची पुडी पाठवली. पुढच्या वेळी त्याने त्यातले वापरलेले कागद परत आणून दाखवले, प्रत्येकामागे तारीख घातलेले. मला तो तेव्हा आवडला. हे मी कुणाला सांगितलं नाही. विचारलंही नाही कुणी.

अडचण एकच होती. मुलीचं दान करायला आई-वडील जोडीने पाटावर बसतात. नान्ना नव्हते. मामा-मामी बसू शकत होते, आमच्यात तशी रीत आहे. पण वडील हयात असताना मामा पाटावर बसला तर सगळी पेठ त्याचा एकच अर्थ लावणार, नवऱ्याने हिला सोडलं. अम्माच्या गळ्यात काळी पोत होती, कपाळाला कुंकू होतं. ती म्हणायची, “पावसाळा जाऊ दे. बोटी सुरू झाल्या की येतील.” पावसाळा गेला की म्हणायची, “उन्हाळा येऊ दे.” तीन वर्षं अशी गेली. अंबादासच्या घरचे थांबले. त्या पौषात मात्र त्याच्या आईने मामाला बोलावून सांगितलं, की आम्हाला मुलगी पसंत आहे, पण पोरगा तिशीला आला. होय की नाही ते शिवरात्रीच्या आत कळवा, नाहीतर आम्ही दुसरीकडे बघतो.

मामा एका रविवारी दुपारी ते सांगायला आला. रविवारी त्याचे माग बंद असतात, त्यामुळे आवाजाची सवय झालेला तो जरा मोठ्यानेच बोलतो.

“अक्का, आधी जेवायला वाढ. मग भांडू.”

“भांडायला काय झालं?”

“ते जेवल्यावर.”

अम्माने त्या दिवशी वाफ्यातला सगळ्यांत भरलेला गड्डा कापला होता. सुकट घालून देठ परतले होते, पानं वेगळी मुगाच्या डाळीत. ज्वारीच्या भाकरी मी केल्या. मामाने पहिला घास घेतला आणि डोळे मिटले.

“अगदी रंगून,” तो म्हणाला. लग्नाआधी तीन वर्षं तो नान्नांच्या दुकानात कामाला होता. “तीच चव. तो खाडीकाठचा बाजार, ती गालाला पिवळा लेप लावून बसणारी बाई, आठवते का गं? पैसे घेताना हसायची आणि जुडीत दोन पानं जास्त घालायची.”

“मा सेन,” अम्मा म्हणाली. “तिचं नाव मा सेन. जास्तीची पानं ती मला द्यायची, तुला नव्हे.”

“मला का देईल? मी तर तोंड चुकवायचो. रोज देठ खाऊन खाऊन माझा जबडा दुखायचा.”

“तू कशाला खात होतास? तुझ्या डब्यात मी वांगी घालायची.”

मामा हसला. नान्नांना तो बावा म्हणायचा. “माझी वांगी बावा खायचे. आणि त्यांच्या डब्यातली ही भाजी माझ्या पुढ्यात. ‘भूमय्या,’ म्हणायचे, ‘तुझी अक्का मला घोड्याचा चारा घालते. तू तरणा आहेस, तू चाव.’ आणि ज्या दिवशी दोघांच्या डब्यात हीच, त्या दिवशी मला कोपऱ्यावरच्या खानावळीत पिटाळायचे, भात-सांबार आणायला.” त्याने भाकरीचा तुकडा मोडला आणि मग त्याच्या लक्षात आलं की आमच्या दोघींपैकी कुणी हसलेलं नाही.

अम्माच्या हातात डाळीची पळी होती. ती तिने हळूच भांड्यात परत ठेवली.

“ह्यांना आवडायची,” ती म्हणाली.

“अगं, म्हणजे... आवडत असेलही. घरी.”

“घरी तर संपवायचे. ताटात काही उरायचं नाही.”

आता ती माझ्याकडे बघत होती. घरी त्यांच्या शेजारी मी बसायची. ते बोटांनी एकेक देठ उचलून माझ्या ताटात ठेवायचे आणि म्हणायचे, खा, बंगारू, माझं सोनं. बारा वर्षांत नान्नांचा चेहरा माझ्या मनातून पुसट होत गेला होता, आवाजही. ती बोटं तेवढी स्वच्छ राहिली होती. मी एकटी जेवायला बसले की देठ शेवटी खाते ते त्यासाठीच. आपलं आवडीचं ते मला देतात, असं मी धरून चालले होते.

“माझ्या ताटात ठेवायचे,” मी म्हणाले. “सगळे देठ.”

“रोज?”

“असेल तेव्हा रोज.”

मामा ताटाकडे बघत राहिला. “मी पण मूर्ख,” तो पुटपुटला. “जेवायला बसून काय काढलं. अक्का, त्यांनी तुला सांगितलं नाही कारण तू वाढताना त्यांच्या तोंडाकडे बघत राहायचीस. कोण सांगेल तेव्हा?”

“सांगायला हवं होतं,” अम्मा म्हणाली. “मी वांगी केली असती. मला काय, वांगी येत नव्हती?”

तिचा आवाज चढला नव्हता. राग आल्यावर तिच्या नाकपुड्या फुलतात, तसंही काही दिसलं नाही. तिने आपल्यासाठी ताट घेतलं. एरवी ती आमचं झाल्यावर जेवते. कढईतले देठ तिने ताटात घेतले, डाळ घेतली नाही, भाकरी घेतली नाही. भिंतीला टेकून ती एकेक देठ खाऊ लागली, सावकाश, जणू बाजारात भाजीवालीने चाखायला दिलंय आणि घ्यायचं की नाही ते ठरवायचंय. देठ चावल्याचा आवाज मला ऐकू येत होता. मी उठून तिला पाणी दिलं.

“मला आवडते ही,” ती म्हणाली.

“ते आम्हाला ठाऊकच आहे की, अक्का.”

“मला ठाऊक नव्हतं.”

मामाने माझ्याकडे पाहिलं. मी मानेनेच त्याला गप्प राहायला सांगितलं.

“सकाळी लवकर जायची मी बाजारात,” अम्मा सांगू लागली. ती आमच्याशी बोलत होती की नाही कोण जाणे. “हे झोपलेले असायचे. खाडीवर धुकं असायचं, होड्यांतून भाजी उतरायची, पानांवर पाणी. मा सेन मला बसायला तिची चटई द्यायची. तिला तेलुगू येत नव्हतं, मला बर्मी धड येत नव्हतं, तरी तासभर बोलत बसायचो आम्ही. कशाबद्दल, ते काही आठवत नाही. घरी आल्यावर मी भाजी करायची तर अंगात अजून तो गारवा असायचा.” तिने पुढचा देठ घेतला. “इथे ही चिरताना मला वाटायचं, मला ह्यांची आठवण येते.”

परसातून गल्लीतल्या पोरांचा विटीदांडूचा गलका येत होता. मामाचा हात ताटात सुकला होता, पण तो उठला नाही. मलाही उठवेना. तिच्याजवळ जाऊन बसावं असं वाटलं, आणि तिला ते नको असेल असंही वाटलं. नान्नांची बोटं आठवून पाहिली. ती पूर्वीसारखीच दिसली. मात्र आता मला हेही माहीत होतं की ती आपलं ताट रिकामं करायच्या घाईत होती.

अम्माने ताट पुरतं संपवलं. मग तिने मामाला विचारलं, “भांडायचं होतं ते काय?”

“राहू दे आज.”

“सांग.”

मामाने सांगितलं. अंबादासची आई काय म्हणाली, शिवरात्र कधी आहे, दुसरं स्थळ कुठलं सांगून आलंय. सांगताना पहिल्यांदाच त्याचा आवाज हळू होता. अम्माने सगळं ऐकलं, आणि मग माझ्याकडे वळून, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, विचारलं, “राजमणी, तुला करायचंय का त्याच्याशी?”

“हो,” मी म्हणाले. तो एकच शब्द बोलायला मला इतका वेळ लागेल असं वाटलं नव्हतं.

तिने पदराने तोंड पुसलं. पोत एकदा बोटांनी चाचपली आणि सोडून दिली.

“भूमय्या,” ती म्हणाली, “ते यायचे नाहीत. चैत्रातली तारीख धर. पाटावर तू आणि तुझी बायको बसा.”