रिकाम्या फळीचं शून्य

कोणत्या दुकानात किती कपडे पाठवावेत हे कंपन्यांना सांगणारं सॉफ्टवेअर हिंजवडीच्या एका ऑफिसात बनत होतं. तिथे गोंदियाहून आलेल्या निशिकांतने त्या दिवशी एक घोडचूक पकडली. चंद्रपूरच्या दुकानात मोठ्या मापाचे शर्ट खपतच नाहीत, असं सॉफ्टवेअर ठासून सांगायचं. खपणार कुठून? पहिल्या हंगामात माल पोचलाच नाही, फळी रिकामी राहिली, विक्री शून्य. त्यावरून या दीडशहाण्याने ठरवून टाकलं की गिऱ्हाइकांना ते नकोच आहेत, आणि पुढे पाठवणंच बंद केलं. निशिकांतने नवा नियम घातला: रिकाम्या फळीचं शून्य म्हणजे नकार धरायचा नाही. साहेबांनी सगळ्यांसमोर त्याची पाठ थोपटली.

दुपारी अपूर्वा नेहमीसारखी टेबलाटेबलाशी थांबून सगळ्यांना टपरीवर चहाला बोलवत आली. निशिकांत नवा होता तेव्हा तिने त्यालाही विचारलं होतं, दोन-तीनदा. तेव्हा कामाने त्याच्या नाकीनऊ आले होते. दरवेळी तो नको म्हणाला. मग तिने विचारणं सोडलं. त्या गोष्टीला आता दोन वर्षं झाली. आज मात्र त्याने आधीच कॉम्प्युटर बंद करून ठेवला होता.

ती त्याच्यापाशी थांबली. "मस्त काम केलंस हं," ती अगदी मनापासून म्हणाली. "तुझं बरं आहे बाबा, तुला आमच्यासारखा चहा लागत नाही."

"हो ना," निशिकांत हसून म्हणाला, आणि त्याने कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला.