रिपोर्ट निगेटिव्ह

“काका, मान वर. अजून थोडी. हलू नका हां.”

लॅबमधून आलेल्या माणसाने नाकात काडी सारली आणि शिवदासला खोकल्याची उबळ आली. माणूस चटकन मागे सरला. उबळ थांबेना. शिवदास भिंतीला हात टेकून वाकला. सुगंधा पाठीवरून हात फिरवू लागली. नवऱ्याची पाठ एवढी हाडाहाडांची कधी झाली?

“कधीपासून आहे खोकला?” लॅबवाल्याने विचारलं.

“धुळीचा आहे,” शिवदास म्हणाला. “भांडुपात धूळ काय कमी आहे?”

शिवदासने उभा जन्म पालिकेच्या पाणी खात्यात चावीवाला म्हणून काढला होता. भल्या पहाटे लांब लोखंडी चावी खांद्यावर टाकून निघायचं, रस्त्यातल्या झाकणाखालचा व्हॉल्व्ह फिरवायचा, एका वस्तीचं पाणी सोडायचं, दुसरीचं बंद करायचं. लोक शिव्या घालत, दिवाळीत फराळही देत. लहानपणी वडिलांचं बोट धरून तो देवगडहून आगबोटीने मुंबईत आला होता. पुढे ती बोट बंद पडली आणि गावी जाणं एसटीचं झालं. ‘एकदा बोटीतून देवगड बघूचा हा,’ एवढंच तो अधूनमधून म्हणे. म्हणून तर नीलमने, त्यांच्या लेकीने, दोघांसाठी गोव्याच्या क्रूझचं बुकिंग केलं.

आणि नियमांचा खेळ सुरू झाला. आधी लशीचे दोन डोस पुरे होते. सुगंधाचा दुसरा राहिला होता. तो घेतला, तर त्यानंतर पंधरवडा जायला हवा म्हणून तारीख पुढे गेली. मग लस असली तरी रिपोर्ट हवा असं निघालं. रिपोर्ट आणला, तर साथ वाढली म्हणून बोटच रद्द झाली. नीलम फोनवर वैतागायची, “रोज नवीन नियम यार यांचे! माझी वाट लागली.” पण दर वेळी शिवदासचा रिपोर्ट निगेटिव्ह यायचा आणि घरात पेढे वाटल्यासारखं व्हायचं. खोकला करोनाचा नाही या आनंदात, मग तो कशाचा, हे विचारायचं सगळे विसरून गेले.

सुगंधाने एकदा विचारलं. “डॉक्टराकडे जाऊया. छातीचो फोटो काढूया.”

“अगो, रिपोर्ट चांगलो इलो मा? आणि काय होया तुका?” असं म्हणत त्याने पट्टा आवळला. पट्ट्याला त्याने खिळ्याने नवं भोक पाडलेलं तिला दिसलं.

बोटी पुन्हा सुरू झाल्या, आणि याही वेळी रिपोर्ट निगेटिव्ह आला.

बंदरावर गेले तर तिथे आणखी वेगळंच. रिपोर्ट असो वा नसो, ज्याला खोकला त्याला डॉक्टर तपासणार, असा नुकताच नियम झाला होता. शिवदासला पडद्याआड नेलं. सुगंधा अलीकडे खुर्चीत बसली. आतलं सगळं ऐकू येत होतं.

“मोठा श्वास घ्या. पुन्हा.” मग स्टेथोस्कोप टेबलावर ठेवल्याचा आवाज. “वजन उतरलंय?”

“थोडं.”

“थुंकीतून रक्त पडतं?”

शिवदासने नुसता घसा खाकरला.

“हे करोनाचं नाही, काका. त्यामुळे मी तुम्हाला अडवू शकत नाही. पण परत आलात की घरी जाऊ नका, सरळ इस्पितळात जा. सोबत कोण आहे? त्यांना बोलावतो.”

“नको, साहेब. बायको आहे. तिला मी सांगतो. उतरल्यावर.”

पडदा सरला. शिवदास शर्टाची बटणं लावत बाहेर आला. चेहरा हसरा होता.

“काय म्हणालो डॉक्टर?” सुगंधाने विचारलं.

“एकदम फिट, म्हणालो. चल.”

काचेपलीकडे नीलम हात हलवत होती. ‘नको जाऊया’, एवढे दोन शब्द सुगंधाच्या ओठांवर आले होते. मागे फिरणं सोपं होतं. तिने त्याच्याकडे पाहिलं. तो धक्क्याला लागलेल्या त्या पांढऱ्या अवाढव्य बोटीकडे बघत होता.

“बॅग माझ्याकडे द्या,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो तिला बोटीच्या कठड्यापाशी घेऊन गेला. डेकवर गाणी चालू होती, आणि तरीही समुद्र कसा मुका वाटत होता. वाऱ्याने शिवदासचा शर्ट अंगावर फडफडत होता, काठीला अडकवल्यासारखा.

“थय बघ. तो कडो दिसता? त्येच्यार देवगडची बत्ती.”

तिला धुरकट हवेत दीपगृह कुठे दिसेना, नुसती एक राखाडी रेघ दिसत होती. ती देवगडची की आणखी कुठली, कोण सांगणार?

“दिसली?”

“होय तर. दिसली.”

“बापूस माझो थयसूनच…”

पुढचं खोकल्यात गेलं. त्याने झटकन पाठ केली आणि रुमाल तोंडाशी नेला. उबळ बराच वेळ चालली. सुगंधा वळली नाही. त्याने रुमालाची घडी घालून तो खिशात ठेवीपर्यंत ती दोन्ही हातांनी कठडा धरून त्या रेघेकडे बघत राहिली.