पुस्तकांच्या गाडीला भोंगा लागला तेव्हा

मित्रांनो, डेपोच्या मागच्या भिंतीला लागून उभी असलेली लांबुडकी गाडी तुम्ही येताजाता पाहिली असेल. ती मीच. एके काळी मी फिरते वाचनालय होते. आज माझी चाके मातीत रुतली आहेत आणि दारे गंजून घट्ट बसली आहेत. म्हातारपणाची मला लाज वाटत नाही. गंज कुणाला चुकला आहे? पण दुसरी एक लाज माझ्या मनात घर करून बसली आहे. तीच आज तुमच्यापुढे मोकळी करते.

माझा सांगाडा मालट्रकचा. सुतारांनी माझ्या पोटात दोन्ही अंगांना फळ्या बसवल्या. प्रत्येक फळी मागच्या बाजूला किंचित उतरती ठेवली, म्हणजे वळणावर पुस्तके वाचकांच्या आधी खाली उतरू नयेत. मागे घडीच्या पायऱ्या लावल्या. एका बाजूची झडप वर उचलली की तिची सावली पडायची. मग निळा रंग चढला आणि मी रस्त्यावर आले.

माझ्याबरोबर दोन माणसे असायची. एक ग्रंथपालबाई. त्या झडपेच्या सावलीत स्टुलावर बसत आणि चष्म्याच्या वरून पाहून विचारत, "वाचलंस की नुसतं उशाला घेतलंस?" दुसरे आमचे ड्रायव्हर. ते खड्डा दिसला की बैलगाडीपेक्षा सावकाश जात, म्हणून पोरांनी त्यांचे नाव हळूमामा ठेवले होते. बाईही त्यांना मामाच म्हणत. मामांचे शिक्षण बेताचे. पण मुक्कामावर बसून बसून त्यांना प्रवासवर्णनांची गोडी लागली. बोट ठेवून ते वाचायचे आणि मधेच म्हणायचे, "बाई, समुद्रावर म्हणे दिवसचे दिवस एकसुद्धा खड्डा लागत नाही."

ते दिवस फार चांगले होते. गिरणीपाशी, शाळेपाशी, पाण्याच्या टाकीखाली मी उभी राहिले की माणसे चपला काढून आत यायची. मी काही देऊळ नव्हे, पण बाईंना धूळ खपत नसे, हे सगळ्यांना ठाऊक होते. पाहुणे यायचे, कौतुक करायचे, माझ्याबरोबर फोटो काढून जायचे. मामा त्या दिवशी माझे आरसे दोनदा पुसत.

पुढे दिवस फिरले. आधी नवी पुस्तके येणे थांबले. मग माझ्या टायरांना ठिगळे लागली. बाई पदरच्या पैशाने डिंक आणून फाटकी पाने चिकटवू लागल्या. शेवटी पगार अडला. बाई आणि मामा दोघेही कंत्राटी. त्यांचाच नव्हे, दवाखान्यातल्या आयांचा, पाणीपुरवठ्याच्या पंपावरच्या माणसांचा, सगळ्याच कंत्राटी लोकांचा पगार थकला. विचारायला गेले की उत्तर एकच मिळायचे, "तिजोरीत खडखडाट आहे. जरा दम धरा."

माणसांनी पुष्कळ दम धरला. मग त्यांनी डेपोच्या फाटकासमोर मांडव टाकला आणि संप सुरू केला. बाई स्टूल घेऊन तिथे बसल्या. मामाही बाजूला सतरंजीवर बसले. मी आत उभी होते. गाडी उभी राहिली की तिला करमत नाही, पण त्या उभे राहण्याचा मला अभिमान वाटत होता. पोरांना वाटून झालेली पुस्तके तेवढी बाहेर होती. बाकीची माझ्या पोटात वाट पाहत होती.

एक दिवस प्रसिद्धी खात्याचे साहेब डेपोत आले. माझ्याभोवती एक फेरी मारून त्यांनी मामांना आत बोलावले.

"सरकारच्या कामांची माहिती गावोगाव पोचवायची आहे. ही गाडी घेणार आहोत," साहेब म्हणाले. "रस्ते तुम्हाला पाठ आहेत. उद्यापासून आलात तर कायम करून घेण्याचा आदेश मी स्वतः काढून देतो. नाही म्हणालात तर दुसरा माणूस आहेच."

मामा फडके घेऊन माझे आरसे पुसू लागले. दुपारी त्यांची बायको डबा घेऊन आली. दोघे माझ्या पायरीवर बसले.

"एवढी वर्षं झाली," मामी म्हणाल्या. "तुमच्या आयुष्यात कायम म्हणावी अशी एक मीच."

मामा हसले नाहीत. "पेन्शन लागेल. म्हातारपणी कुणापुढे हात पसरावा लागणार नाही."

"मग जाणार तुम्ही?"

"मला फक्त गाडी चालवायचीय. बोलणार तो भोंगा. मी कुठे बोलतोय?"

मामींनी डब्याचे झाकण लावले. "मला पटलं हो. पण तुम्ही हे कुणाला समजावताय?"

दुसऱ्या दिवशी माझ्या पोटातल्या फळ्या उचकटल्या. पुस्तके पोत्यांत कोंबून गोदामात गेली. माझा निळा रंग झाकून मला झगझगीत पिवळे केले. एका अंगाला मोठा पडदा बसवला, टपावर चार भोंगे चढवले. तिजोरीत खडखडाट होता ना? पण रंगाऱ्याला पैसे आगाऊ मिळाले. तो बिचारा गोंधळूनच गेला. "सरकारी काम आणि पैसे आधी," तो आपल्या जोडीदाराला म्हणाला, "नक्कीच काहीतरी घोळ आहे. लवकर उरक."

सकाळी फाटक उघडले आणि भोंगा सुरू झाला. "सर्व कर्मचाऱ्यांचे थकीत वेतन अदा करण्यात आले आहे. सरकार दिल्या शब्दाला जागले आहे." मांडवातली माणसे उठून उभी राहिली. काहींनी हुर्यो केली. पाणीपुरवठ्याचा एकजण माझ्या बॉनेटवर थापटी मारून ओरडला, "मामा, तुम्हीसुद्धा?" मामांनी नजर समोर ठेवली. बाई तेवढ्या बसल्या होत्या. माझे चाक त्यांच्या स्टुलाजवळ आले तेव्हा त्यांनी स्टूल थोडे मागे घेतले आणि नेहमीच्याच आवाजात म्हणाल्या, "मामा, डाव्या हाताला खड्डा पडलाय. सांभाळून."

शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते. मामांनी मला उजवीकडे घेऊन तो खड्डा चुकवला.

पहिला मुक्काम गिरणीपाशी होता. माझा रंग बदलला होता, पण माझ्या इंजिनाचा आवाज पोरांच्या ओळखीचा होता. ती धावत आली. प्रत्येकाच्या छातीशी एकेक पुस्तक होते, संपामुळे परत करायचे राहिलेले. एक मुलगी चपला काढून पायरी चढली आणि आत डोकावली. आत बॅटऱ्यांचे खोके होते आणि पत्रकांचे गठ्ठे.

"मामा, पुस्तकं कुठायत?"

"रंगकाम चाललंय ना," मामा म्हणाले. "नवी येणार आहेत."

पोरांनी पुस्तके मामांच्या हातात दिली आणि बदल्यात एकेक पत्रक घेऊन ती परत गेली. मित्रांनो, माझ्या दारातून कुणी असे हिरमुसून परत गेले, ते त्या दिवशी पहिल्यांदा. मामांनी ती पुस्तके सीटखाली सरकवली.

मग गिरणीवाला बाहेर आला. त्याच्या भुवयांवर पीठ होते. "काय मामा, खरंच झाला का पगार सगळ्यांचा?"

खात्याचा कॅमेरावाला बरोबरच होता. त्याने कॅमेरा मामांच्या तोंडासमोर धरला. मामांनी एकदा गिरणीवाल्याकडे पाहिले, एकदा कॅमेऱ्याकडे.

"झाला," मामा म्हणाले. "सगळ्यांचा झाला. थकबाकीसकट."

"छान. आता जरा हसून, पुन्हा एकदा," कॅमेरावाला म्हणाला.

मामांनी हसून पुन्हा एकदा सांगितले.

दुसऱ्या दिवशी माझ्या पडद्यावर मामांचा चेहरा दिसू लागला आणि माझ्या भोंग्यातून मामांचाच आवाज येऊ लागला. आदल्या दिवशी बोलणारा कुणी परका होता. आता मामाच गाडी चालवत होते आणि मामाच बोलत होते. आम्ही मांडवावरून गेलो तेव्हा बाई मांडवाचा सुटलेला दोर बांधत होत्या. त्या दोर बांधतच राहिल्या.

त्या चार शब्दांनी काय केले ते मला फाटकाशी उभी असताना कळले. दवाखान्यातली आया मांडवात सांगत होती, "दुकानदार म्हणाला, पगार झालाय की तुमचा. वाचनालयाचा ड्रायव्हर स्वतः सांगतोय, तो साधा माणूस खोटं कशाला बोलेल? आधीचे पैसे टाका, मग किराणा न्या." दुसऱ्याच्या घरमालकाने दारात येऊन भाडे मागितले. तिसऱ्याला त्याचा सख्खा मेहुणाच म्हणाला, "पगार घेऊन वर संप करता? कमाल आहे." भोंग्यातल्या सरकारवर कुणी विश्वास ठेवला नसता. लोकांनी विश्वास ठेवला तो हळूमामांवर. इतकी वर्षे गावोगाव फिरून त्यांनी जमवलेला विश्वास असा खर्ची पडला.

संप उधारीवर तगून होता. उधारी आटली आणि मांडव रिकामा होऊ लागला. अखेर थकलेल्या पगारातला अर्धा मिळाला, बाकीचे "पुढे बघू" यावर मिटले. त्यातच खर्चात काटकसर म्हणून फिरते वाचनालय बंद झाले आणि बाईंची जागा गेली.

मामांचा कायम झाल्याचा आदेश त्याच सुमारास आला. तो त्यांनी माझ्या सीटवर बसून वाचला, बोट ठेवून, अक्षर अक्षर. मग घडी घालून तो सीटखालच्या पुस्तकांवर ठेवला.

एका सकाळी त्यांनी मला बाईंच्या गल्लीत नेले. बाई खोली सोडत होत्या. दारात भांड्यांचे बोचके बांधून ठेवले होते. मामांनी सीटखालची पुस्तके काढून त्यांच्यापुढे ठेवली.

"पोरांनी परत केलीत, बाई."

बाईंनी एकेक पुस्तक पदराने पुसले, सुटलेले एक पान आत नीट सारले. "ही खात्याची आहेत, मामा. गोदामात जमा करा."

"बाई, चुकलं माझं."

बाईंनी बोचक्याची गाठ आवळली. "तुम्ही कायम झालात त्याचं मला वाईट वाटत नाही. हक्कच होता तुमचा. पण कोपऱ्यावरच्या दुकानदारानं मला चारचौघांत खोटारडी म्हटलं. इतकी वर्षं त्याच्याकडनं साखर घेतेय मी."

"मी काय करू, सांगा."

"त्याला जाऊन सांगा."

"आत्ता?"

"कॅमेऱ्यासमोर दोनदा सांगितलंत ना? इथे एकदा सांगा."

मामांनी मला कोपऱ्यावर उभे केले. दुकानात गर्दी होती. दुकानदार त्यांना पाहून म्हणाला, "या, या. पडद्यावरचे ना तुम्ही?" दोघेतिघे हसले.

"मी तेव्हा खोटं बोललो," मामा म्हणाले. "कुणाचाच पगार झाला नव्हता. बाई खरं सांगत होत्या."

दुकानदाराच्या हातातले साखरेचे माप तसेच राहिले. "अहो, मग आता सांगून काय उपयोग? संप मिटला. त्या खोली सोडून चालल्या."

"तरी सांगतोय."

दुकानदार खाली बघू लागला. "फार वाईट बोललो मी त्यांना," तो हळूच म्हणाला. एवढ्यात मागून कुणीतरी म्हणाले, "शेठ, माझी साखर देता ना?" आणि माप पुन्हा हलले.

मामा त्या दिवसापासून सांगत सुटले. नोकरी होती, म्हणून भोंगा लावावा लागे. पण मुक्कामावर तो बंद झाला की मामा खाली उतरत आणि जो भेटेल त्याला सांगत. काहींना पटायचे. बरेच जण ऐकून न ऐकल्यासारखे करायचे. गिरणीवाल्याने तर विचारले, "म्हणजे मामा, तुम्ही खोटं तेव्हा बोललात की आता बोलताय?" खोटे भोंग्यातून एका दिवसात गावोगाव पोचले होते. खरे मात्र एकेका माणसापुढे उभे राहून सांगावे लागत होते. ते पुरे सांगून होण्याआधीच मामा निवृत्त झाले आणि मी या भिंतीशी आले.

मामा पेन्शन घ्यायला जाताना कधी कधी इकडे डोकावतात. बाई आता एका वह्यापेन्सिलींच्या दुकानात काम करतात, असे त्यांनीच मला सांगितले. त्या रस्त्यात दिसल्या की मामा थांबतात. बाई मान हलवतात आणि पुढे जातात. "बोलत नाहीत," मामा माझ्या पत्र्यावर हात ठेवून म्हणतात, "पण मान हलवतात."

मित्रांनो, माझ्यावर कुणीही भोंगा चढवला तरी मला नाही म्हणता येत नाही. मामांना येत होते, पण ते त्यांना फार महाग पडले असते, म्हणून मी त्यांना एकट्याला दोष देत नाही. तुम्हाला एकच विनवणी करते. तुमच्या गावात जो पाणी सोडतो, जी दवाखान्यात तुमचा हात धरते, जो तुम्हाला पुस्तक काढून देतो, त्यांची काळजी घ्या. त्यांचा पगार झाला का, हे भोंग्याला विचारू नका. त्यांच्या घरी जा, त्यांच्यासमोर बसा आणि विचारा. आणि कुणी "झाला" म्हणून खाली बघितले, तर लगेच उठू नका. जरा वेळ बसून राहा.